काच अखंड आहे

आतल्या खोलीत उजेड आधी कपाटाच्या माथ्यावर उतरत असे. तिथे काकांची जुनी बॅग होती. तिच्या पितळी कड्या पहिल्यांदा उजळत. मग तो कपाटाच्या दारावरून, गुडघे धरून जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा, थांबत थांबत खाली येई. वाटेत औषधांच्या बाटल्या लागत. तांबड्या बाटलीतून उजेड गेला की भिंतीवर डाळिंबी रंगाचा एक डाग पडे. तो काही क्षण इतका देखणा दिसे, की बाटलीत काय आहे आणि ती कोणासाठी आहे याचा विसर पडावा. पुढे पाण्याचा पेला, पेल्यावरची झाकणी, चादरीची घडी, आणि सरतेशेवटी काकांचा उजवा हात. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो हात हलला नव्हता. उजेड त्यावर येऊन टेकला की बोटांवरची लव सोनेरी होई, आणि आता ही बोटे हलतील असे रोज वाटे. बोटे तशीच राहत. उजेड पुढे सरके.

पूर्वेला एक इमारत उभी होती तोवर या घरात सकाळ उशिरा आणि जरा उष्टी होऊनच पोचत असे. ती इमारत पाडली गेली, तिच्या जागी खोल खड्डा खणला जाऊ लागला, त्यातले पाणी उपसायला पंप आला, आणि उजेड लवकर येऊ लागला. तो कोणी मागितला नव्हता. पण दारात आलेल्या पाहुण्याला परत कसे पाठवायचे, म्हणून मावशीने दक्षिणेच्या खिडकीचा जाड पडदा काढून पातळ लावला होता.

कपाटाजवळ अंथरूण घालून झोपणारा तिचा भाचा जाग आल्यावरही बराच वेळ हा प्रवास पाहत पडून राही. कोणाशी न बोलता करता येण्याजोगी प्रत्येक गोष्ट त्याला प्रिय होती.

त्या दिवशी उजेड बाटल्यांपाशी पोचला असताना त्याला खाटेच्या पायथ्याशी, फरशीवर, दुसरा एक उजेड दिसला. दोऱ्याएवढा. कोणीतरी ताणून बांधल्यासारखा सरळ. पूर्वेच्या भिंतीतून निघून तो खाटेच्या पायापर्यंत आला होता, आणि त्यात धुळीचे कण वरखाली होत होते.

पूर्वेच्या भिंतीला खिडकी नव्हती.

त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले. दोरा जागच्या जागी होता. काचेवर पडून उलटला असेल, असे त्याने स्वतःला सांगितले आणि कूस बदलली.

"आली बघ," खाटेवरून काका म्हणाले. त्यांचे शब्द आता ओल्या कागदावरच्या शाईसारखे पसरत, पण घरातल्यांना ते वाचता येत.

"कोण, काका?"

"भिंत. पहाटे अजून अर्धं पाऊल पुढं आली. लोकांच्या भिंतींना कान असतात, आपल्या भिंतीला पाय फुटलेत."

मावशी हात पुसत दाराशी आली. "करा, तिच्याशीच गप्पा करा. माझ्यानंतर ही एकच बाई उरलीय तुमचं निमूट ऐकून घेणारी." मग ती भाच्याकडे वळली. "आणि इंजिनिअर, उठायचा विचार आहे का? काच बघा आणि तोंड धुवा."

तो उठला. खाटेच्या उशाशी, भिंतीवरून तिरकी उतरलेल्या भेगेवर, बोटाएवढी काचेची एक पट्टी आडवी चिकटवलेली होती. त्याने मान तिरकी करून ती डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली.

"अखंड आहे."

"अखंड आहे," मावशीने दुधावर झाकण ठेवावे तसे ते वाक्य ठेवले, आणि ती स्वयंपाकघरात गेली.

हे 'इंजिनिअर' प्रकरण फार जुने नव्हते. मावशीकडे राहून इमारतींचे शास्त्र शिकायला तो आला, तेव्हा सगळे त्याला मुखदुर्बळच समजत. मूग गिळून बसायचा. पाहुणे आले की पाणी नेऊन देई आणि पेले परत आणण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरातच थांबे. मग एका दुपारी जेवताना मावशीने भिंतीकडे बोट केले. "हे काय रे उमटलंय?" त्याने वर न पाहताच सांगितले, "काही नाही. प्लास्टरची भेग आहे. हेअरलाइन म्हणतात." ताटांचे आवाज थांबले. मावशी त्याच्याकडे पाहत राहिली, काका पाहत राहिले. त्याने बोलावे म्हणून लोक गप्प होतात, ही शांतता त्याला लहानपणापासून माहीत होती आणि तिची त्याला धास्ती होती. त्याने बोलल्यामुळे लोक गप्प झाले, असे मात्र पहिल्यांदाच घडत होते. ती शांतता त्याला फार गोड लागली.

मावशीने ही बातमी जिन्यावर नेली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी त्याला आपली भेग दाखवायला बोलावले. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने थट्टा केली, "इंजिनिअर, ह्या सदऱ्याची सुरकुती बघता का, प्लास्टरची आहे की खालपर्यंत गेलीय?" पण थट्टा करून झाल्यावर त्यानेही आपल्या दुकानाचा कोपरा दाखवलाच.

एकट्याने जायचे धैर्य होईना, म्हणून त्याने वर्गातल्या दोघांना सोबत घेतले. एकाला सगळे लंबू म्हणत, दुसऱ्याला चष्मिस. तिघांनी मिळून इमारतीतल्या भिंती छोट्या हातोडीने ठोकल्या, कान लावून ऐकल्या, आणि एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. लंबू "लोड" म्हणाला, चष्मिस "बेअरिंग" म्हणाला, आणि दोन्ही शब्द बैठकीतल्या दोन खुर्च्यांवर पाहुण्यांसारखे ऐसपैस बसले. पोस्टमास्तर हात मागे बांधून विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. जिना उतरताना लंबू हळूच म्हणाला, "पोकळ वाजलं म्हणजे प्लास्टर ना? का पोकळ नाही वाजलं म्हणजे?"

"तू ठोकत होतास, तुला माहीत," चष्मिस म्हणाला.

"मी आवाज चांगला येत होता तिथं ठोकत होतो."

तिघेही हसले. ते हसायचे थांबल्यावरही जिन्याच्या पोकळीत ते हसू थोडा वेळ चालू राहिले.

हे एवढ्यावरच राहते, तर निभावले असते. पण काकांची खाट त्याच भिंतीला लागून होती आणि काकांना स्वतःहून उठता येत नव्हते. काकांच्या बहिणीने निरोप पाठवला, की खड्डा भरेपर्यंत दादाला माझ्याकडे आणून ठेवा. मावशीने सगळे भाच्यावर सोपवले. "वन्सं म्हणतायत ते बरोबर आहे का रे? नेऊ का यांना? का महापालिकेचा कोणी माणूस बोलावू? तू सांगशील तसं."

तू सांगशील तसं. हे तीन शब्द परत करायचे त्याच्या जिवावर आले.

"काही गरज नाही," तो म्हणाला. "मी भेगेवर काच लावतो. काच ताणली जात नाही मावशी. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकणार. रोज सकाळी बघायचं. काच खोटं बोलत नाही."

हे सारे खरे होते. वर्गात सरांनी तसेच सांगितले होते. ती पट्टी कशाने चिकटवायची हेही त्यांनी सांगितले असणार. पण त्या वेळी तो पुढच्या बाकावर सरकत चाललेला उन्हाचा तुकडा पाहत होता. घरी न्हाणीघराच्या फटी बुजवून उरलेली सिलिकॉनची नळी होती. त्याने काच तिने चिकटवली. ती छान चिकटली. मावशीने वन्संना कळवले, "नको, आमचा घरचा इंजिनिअर आहे." मग पोस्टमास्तरांनी मागितली, त्यांच्या शेजाऱ्यांनी मागितली, आणि थोड्याच दिवसांत त्या इमारतीतल्या प्रत्येक भेगेवर एकेक काच आली. सकाळी जिन्यात माणसे भेटली की ख्यालीखुशालीच्या जागी विचारू लागली, "काय, अखंड?" "अखंड!"

"तुझा निकाल कधी रे?" मावशी मधूनच विचारी.

"लागायचाय अजून," तो सांगे. ज्या व्हरांड्यात निकालाचा फलक होता, त्या व्हरांड्यात एकदा जाऊन आल्यावर पुन्हा जाणे त्याने सोडले होते. लंबूने एकदा त्याच्या खांद्यावर हात ठेवून काही सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्याला अचानक कुठेतरी जायचे आठवले होते.

काच अखंड राहिली. बाकी सगळे मात्र काहीतरी सांगू लागले. आतल्या खोलीचे दार रोज पहाटे आपोआप उघडे आणि आत्ताच कोणीतरी बाहेर गेले असावे तसे अर्धवट थांबे. मावशीच्या हातून निसटलेल्या गोळ्या, कुठेही पडोत, घरंगळत खाटेखालच्या एकाच कोपऱ्यात जाऊन जमत, केर काढताना ती तिथून त्या ओंजळीने काढी आणि म्हणे, "इथं कोण आजारी आहे, देव जाणे." पातेल्यातल्या दुधावरची साय एका बाजूला कडेशी टेके, दुसऱ्या बाजूला कड उघडी राही. भिंतीवरचा आरसा ती रोज सरळ करी, आणि रोज तो पुन्हा त्याच बाजूला मान टाकी. काका सांगत की भिंतीपलीकडे कोणीतरी श्वास घेते. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे एक नाव होते. दार हवेने. साय आचेने. काकांचे ऐकणे औषधाने. नाव दिले की ती गोष्ट गप्प बसे, आणि दुसरी बोलू लागे.

तोंड धुऊन तो परत खोलीत आला, तेव्हा बाटल्यांवरचा उजेड चादरीवर उतरला होता. फरशीवरचा दोराही आता थोडा सरकला होता. काचेवर पडून उलटलेला उजेड काच झाकल्यावर जायला हवा, एवढे कळायला कोणतेही शास्त्र लागत नव्हते. त्याने हात वर करून काचेवर तळवा धरला.

दोरा गेला नाही.

"खालून येतोय," काका म्हणाले. ते त्याच्याकडेच पाहत होते. "आठवडाभर येतोय. तुझ्या मावशीला बोललो नाही. म्हटलं, तुला माहीत असेल."

तो फरशीवर पालथा झाला आणि खाटेखाली सरकला. तिथे धूळ होती, एक हरवलेला चमचा होता, आणि कोपऱ्यात पांढऱ्या गोळ्यांचा लहानसा कळप होता. भेग उशापासून तिरकी उतरत इथपर्यंत आली होती. तिला त्याने डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग आकाश, खूप सारे, आणि त्याखाली खड्ड्याची ओली तांबडी कड, जवळ, फारच जवळ. पंपाचा नळ थरथरत होता. भेगेतून थंड हवेची एक बारीक फुंकर डोळ्यावर आली, थांबली, पुन्हा आली. कोणीतरी पलीकडून डोळा लावून उभे असावे, आणि तेही आपल्यासारखेच श्वास रोखून उभे असावे, असे त्याला वाटले.

तो बाहेर आला. गुडघ्यांना धूळ लागली होती. काचेपाशी जाऊन त्याने, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तिला बोट लावले.

काच हलली. दुधाचा पडायला आलेला दात जिभेने हलावा तशी, मऊपणे, आवाज न करता. एका टोकाशी सिलिकॉन ताणून त्याच्या पांढऱ्या तारा झाल्या होत्या. भिंतीचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर चालले होते आणि काच मधल्या मध्ये, दोघांचाही हात धरून, तरंगत होती. ती कधीच तडकणार नव्हती. सगळी इमारत पडली असती तरी ढिगाऱ्यात ती अखंड सापडली असती.

"मावशी!"

तिला त्याचा एवढा मोठा आवाज ओळखू आला नाही. ती उलथने घेऊनच धावत आली. "काय झालं? यांना काही…"

"काकांना खाली न्यायचंय. आत्ता."

"अरे पण काच…"

त्याने तिचा हात धरला आणि तिचे बोट काचेवर ठेवले. मावशीने एकदा दाबले. पुन्हा दाबले. मग बोट काढून घेतले आणि पदराला पुसले, काही उष्टे लागल्यासारखे. आत जाऊन तिने गॅस बंद केला, आणि येऊन गादीची दोन टोके धरली. "उचल," ती म्हणाली.

इस्त्रीवाल्याने जिन्यात एक टोक धरले. "काका, गादीसकट वरात?" तो म्हणाला; पण मावशीचा चेहरा पाहून पुढची थट्टा त्याने गिळली. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीपाशी त्यांनी काकांना ठेवले.

तिथून भाच्याने ती भिंत बाहेरून पाहिली. इतके दिवस तो रस्ता ओलांडून इथे आलाच नव्हता. सकाळचे ऊन सबंध भिंतीवर पसरले होते आणि भेग तळापासून गच्चीच्या कठड्यापर्यंत काळीभोर, चढत्या रुंदीने गेली होती. कठड्यापाशी एक चिमणी आली, भेगेच्या कडेवर क्षणभर बसली आणि आत शिरली. तो वाट पाहत राहिला. ती बाहेर आली नाही.

"काय इंजिनिअर, काकांना ऊन दाखवायला आणलंत?" तोंडात दातांचा ब्रश धरून पोस्टमास्तर गॅलरीत उभे होते.

"खाली या सगळे," तो म्हणाला. आवाज रस्त्याच्या मध्यापर्यंतच गेला. त्याने पुन्हा म्हटले, "खाली या! भिंत हलतेय!"

"आमची काच अखंड आहे!"

"आमचीही!" शेजारच्या गॅलरीतून एक बाई केस विंचरता विंचरता म्हणाली. "आत्ताच बघितली."

"काचेचं सोडा. खड्ड्यातलं पाणी उपसतायत, त्यामुळे पायाखालची माती एका बाजूनं खचतेय. त्याला डिफरन्शियल सेटलमेंट म्हणतात!"

पोस्टमास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. त्यांनी आत वळून बायकोला सांगितले, आणि ते रस्त्यापर्यंत ऐकू आले. "घाबरू नकोस. त्याला नाव माहीत आहे. नाव माहीत आहे म्हणजे इलाजही माहीत असणार." मग ते त्याला म्हणाले, "दाढी उरकतो आणि येतो हं!"

त्याला उमगले की तो जे जे शिकलेले बोलत होता, ते ते त्यांना तिथेच धरून ठेवत होते. एकेक शब्द एकेका गॅलरीला टेकू लावत होता. भिंतीच्या आतून कोणीतरी बोटे मोडावीत तसा आवाज झाला. इस्त्रीवाल्याने वर पाहिले. काकांनी डाव्या हाताने भाच्याची विजार ओढली.

"खरं सांग त्यांना," ते म्हणाले. शब्द पसरले, पण वाचता आले.

"मी इंजिनिअर नाही!" तो ओरडला.

वर सगळे हसले. मायेने हसले. "होशील रे, होशील!" पोस्टमास्तर म्हणाले. "वर्ष-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे!"

"मला यातलं काही कळत नाही!" त्याचा आवाज फाटला. "तुमच्या भिंतीही मला कळल्या नव्हत्या. नुसतं ठोकलं आम्ही. आणि काचा मी चुकीच्या लावल्यात. त्या तुटूच शकत नाहीत. बोट लावून बघा. हलतील त्या!"

ब्रश थांबला. विंचरणारा हात केसांतच राहिला. त्याच्या बोलण्याने माणसे गप्प होण्याची ही दुसरी वेळ होती, आणि या शांततेला कसलीच चव नव्हती. केस विंचरणारी बाई आत गेली. पोस्टमास्तर आत गेले. गॅलऱ्या रिकाम्या झाल्या, आणि बराच वेळ, फार बराच वेळ, नुसता पंप ऐकू येत राहिला. मग आतून कोणीतरी किंचाळले, "हलतेय हो!" आणि जिन्यात एकाच वेळी पुष्कळ पावले वाजू लागली.

माणसे एकेक करून उन्हात येऊ लागली. कोणाच्या हातात मूल होते, कोणाच्या हातात, का कोण जाणे, नुसती उशी. अर्धा चेहरा फेसाने माखलेले पोस्टमास्तर त्याच्या जवळून गेले आणि त्याच्याकडे न पाहता पुढे जाऊन उभे राहिले. इस्त्रीवाला माणसे मोजून मोजून बाजूला करत होता.

मावशी काकांच्या उशाशी बसली होती. तिने त्यांच्या उजव्या हातावर आपला पदर धरला होता, कारण ऊन आता थेट त्यावर आले होते. ती भाच्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. रोज सकाळी काच विचारावी, तसेच तिने विचारले.

"आणि निकाल? तो खरंच लागायचाय अजून?"

"लागलाय, मावशी," तो म्हणाला. "या भिंतींच्याच विषयात मी नापास झालोय."